उत्स्फूर्त हुंदके, सायंकाळी 6.15

बुलढाणा जिल्ह्यातल्या लग्नांत सहजता आली, याचे श्रेय फोटोग्राफरलाच द्यावे लागेल. पूर्वी नवरा-नवरी स्टेजवर ताठ बसून आहेराची पाकिटे घेत; भावना कुणाला सापडतच नसत. आता त्या पॅकेजमध्येच असतात. लग्नाआधी जोडप्याला फोटोंसाठी लोणार सरोवरावर नेतात. तिथे दादाने सहज वळून पाहायचे, ताईने सहज लाजायचे, आणि जमेपर्यंत पुन्हा सहज लाजायचे.

सरोवराचे मात्र म्हणावे तसे सहकार्य नाही. जून 2020 मध्ये ते कुणालाही न विचारता गुलाबी झाले, तेही ऐन कोरोनात, लग्ने पन्नास माणसांत उरकली जात असताना. खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव इतके बेजबाबदार असतील, तर निसर्गावर विसंबायचे कसे?

मांडवात ही चूक होत नाही. भटजींना थांबवून अंतरपाट पुन्हा धरला जातो. मुहूर्त टळतो, पण फोकस सांभाळला जातो. आता पत्रिकेतही स्पष्ट छापावे: ‘उत्स्फूर्त हुंदके सायं. 6.15. आत्यांनी डावीकडून रडावे.’

चिखलीकडच्या एका लग्नात कॅमेऱ्याची बॅटरी बदलेपर्यंत नवरीचे वडील जनरेटरमागे जाऊन खरेच रडले.

“काका, वाया घालवलं ना!” फोटोग्राफर हळहळला.

काकांनी ओशाळून माफी मागितली, डोळे पुसले आणि लाइटखाली येऊन विचारले, “हात डोक्यावर ठेवू की खांद्यावर?”