ओरिजिनल तालीम विरुद्ध मॉडिफाय तालीम

फुटबॉलचा हंगाम संपला की कोल्हापूरच्या पेठांना भांडायला नवा विषय लागतो. यंदा तो मंगळवार पेठेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सापडला. आबांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. नातवाला ती मॉडिफाय करायची आहे, आबांना ती आहे तशी ठेवायची आहे आणि पेठेला दोघांना सल्ला द्यायचा आहे.

हेराल्ड ही स्पोर्ट्स कार कशी, असं विचारणाऱ्याला गल्लीत एकच उत्तर मिळतं, “दोनच दारं हाईत न्हवं?” हे उत्तर वाटतं तेवढं अडाणी नाही. हेराल्डचा आकार इटलीच्या मिकेलॉत्तींनी काढला आणि तिचीच चासी आखूड करून ती बनवणाऱ्या ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स कार उभी केली. आपल्याकडे हीच हेराल्ड ‘स्टँडर्ड’ नावाने 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागली. पुढे भारतीय कुटुंबाचा घेर पाहून इथल्या कंपनीने तिला चार दारं केली. म्हणजे मॉडिफिकेशनचा नारळ कंपनीनेच फोडला होता. पण हे आबांना सांगायची कुणाची छाती नाही.

नातवाची यादी माफक आहे. मारुतीचं इंजिन, अलॉय व्हील, रुंद टायर, महाद्वार रोडवर बाप्पालाही कानावर हात ठेवायला लावील असा सायलेन्सर आणि मागच्या काचेवर ‘नाद खुळा’. आबांची यादी त्याहून छोटी आहे. “येक इस्क्रू जरी बदललास, तर मृत्युपत्र बदलीन.”

झालं, पेठेत दोन तालमी पडल्या. ओरिजिनलवाल्यांनी थेट न्यू पॅलेस गाठला. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा अख्खं कोल्हापूर टाचा उंचावून बघतं. तिला कुणी अलॉय व्हील लावा म्हणतं का? मॉडिफायवाल्यांनी बाबूराव पेंटरांना मैदानात उतरवलं. परदेशी कॅमेरा जसाच्या तसा जपत बसले असते, तर स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर 1920 ची ‘सैरंध्री’ कोणी काढली असती? दोन्ही मुद्दे बिनतोड असल्यामुळे आवाज वाढवण्यावाचून इलाज उरला नाही.

शेवटी पंच म्हणून उद्यमनगरातून मेस्त्री आले. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं, त्यामुळे काही लपवायची सोय नाही. मेस्त्रींनी बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. कार्बोरेटर अँबॅसिडरचा. वायरिंग ट्रॅक्टरचं. वॉटर पंपाचा शाफ्ट आमच्याच लेथवरचा. रंग मूळचा निळा. आबांच्या लग्नाआधी पांढरा, पहिल्या निवडणुकीनंतर पुन्हा निळा. डॅशबोर्डवरचा पंखा एस. टी. च्या ड्रायव्हरनं प्रेमानं दिलेला.

“मग वरिजिनल काय ऱ्हायलं ह्यात?” नातवानं विचारलं.

“नंबरप्लेट,” मेस्त्री म्हणाले, “आन् आबा.”

आबा शांतपणे म्हणाले, “ती समदी दुरुस्ती हुती.” वादाची किल्ली इथेच आहे. बापानं केली ती दुरुस्ती, पोरानं केलं ते मॉडिफिकेशन. आणि जो कंपनीचा पार्ट म्हणून खोक्यातून येतो, त्याचं बीड तरी कुठल्या देवलोकात ओतलं जातं? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या देशभरच्या वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवतात. सकाळी मेस्त्रींच्या मेहुण्यानं ओतलेलं बीड कंपनीच्या खोक्यातून परत आलं की ते ‘ओरिजिनल’. तेच मेहुण्याकडून परस्पर आणलं की ‘लोकल’.

नियमांचा कल मात्र आबांकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाहून गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच बजावलं. मोडलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. नातवाच्या यादीला हा दर लावून पाहिल्यावर मॉडिफाय तालमीचे निम्मे पैलवान घरी गेले.

उलट, गाडी पन्नाशी ओलांडून मूळ रूपात असेल, तर 2021 च्या नियमांनुसार वीस हजार रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. अट एवढीच, की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मात्र अशी गाडी रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच.

“मग अडचन काय?” आबा म्हणाले. “आत्तापन ती दुरुस्तीलाच भाईर पडतीया.”

तेव्हा, दारात जुनी गाडी असलेल्या वाचकांना या सदराचा निकाल असा. चासी, सांगाडा आणि इंजिनाला हात लावू नका. बाकी जे काही आजवर झालं असेल, त्याला आबांसारखं दुरुस्ती म्हणा. काढलेला प्रत्येक पार्ट पोत्यात घालून माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. आणि कुठल्याही तालमीत नाव घालण्याआधी गाडीचं आर. सी. बुक शोधा. ते सापडलं नाही, तर तुमची गाडी ओरिजिनलही नाही आणि मॉडिफायही नाही. नुसती अडचण आहे.