पाणी प्रथम वर्षानेच आणावे!

प्रति,
मा. संघनिवड समिती (खोखो, मुली),
जिल्ह्यातले कोणतेही एक महाविद्यालय,
धाराशिव.

विषय : प्रथम वर्षाच्या खेळाडूंना बसवून ठेवण्याच्या उज्ज्वल परंपरेबद्दल अभिनंदन.

महोदय,

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आपण निवडलेला संघ गेल्या वर्षीचाच आहे, हे कळल्यावर तमाम खोखोप्रेमींचा जीव भांड्यात पडला. मधल्या काळात नवे प्रवेश होतात, नव्या मुली येतात, त्यांतली एखादी राज्य स्पर्धा खेळून आलेली निघते. अशा मोहाच्या क्षणीही आपली मती ढळली नाही, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. नऊच्या नऊ नावे तीच. बदल झाला तो एवढाच की, गेल्या वर्षी पाण्याच्या बाटल्या भरणारी मुलगी द्वितीय वर्षाला गेल्यामुळे ते खाते एका नव्या मुलीकडे सोपवण्यात आले. वार्षिक अहवालात यालाच ‘दुसरी फळी घडवणे’ असे लिहितात.

खोखो हा खेळ मात्र आपल्या धोरणाला अगदीच धार्जिणा नाही. आक्रमणाला आठ जणी मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववी पळते. पाठीवर थाप पडून ‘खो’ मिळाला की बसलेलीने उठायचे आणि तिची जागा खो देणारीने घ्यायची. नऊ मिनिटांच्या आक्रमणात एकदाही न उठलेली खेळाडू शोधूनही सापडणार नाही. निवांत बसून राहण्याची सोय आहे ती मैदानाबाहेर, आणि आपण तिचा पुरेपूर उपयोग केला आहे. संघ बारा जणींचा, खेळणार नऊ. उरलेल्या तिघींना खो द्यायला कुणी नसते.

तरीही आपल्या प्रतिभेला खरा वाव मिळतो तो संरक्षणात. संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. कोण कोणत्या तुकडीत, हे डाव सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे लिहून द्यावे लागते. त्या चिठ्ठीवर तुमचे अक्षर सुरेख असते. पहिल्या तीन नावांत अंतिम वर्ष, पुढच्या तिनांत पदव्युत्तर विभाग, आणि जागा उरलीच तर अगदी तळाला प्रथम वर्षाची एखादी. आक्रमणात तिला पाटीच्या मध्यावरची जागा मिळते. खांबाजवळच्या, सूर मारून गडी टिपण्याच्या जागा ज्येष्ठांच्या. संरक्षणात ती नववी.

आता नवव्या मुलीची नऊ मिनिटे कशी जातात ते पाहा. पहिली तुकडी पाच मिनिटे काढते. चांगली तुकडी आहे, काढणारच. दुसरी उतरते. तिच्यातल्या दोघी बाद होतात, तेव्हा नववी उठते, बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधते, घोट्यावरची पट्टी चाचपते आणि आत जायच्या जागेशी जाऊन उभी राहते. घड्याळात चाळीस सेकंद आहेत. आत उरलेली ज्येष्ठ संरक्षक खांबाला वळसा घालून आणखी एक हुलकावणी देते, आक्रमक तोंडघशी पडते, शिटी वाजते. टाळ्या. नववीही टाळ्या वाजवते, कारण तिच्याच संघाने डाव मारलेला असतो. तिच्या नावापुढे संरक्षणाची वेळ म्हणून एक सेकंदही नसतो. दुसऱ्या डावात चिठ्ठी तीच.

म्हणजे संघ जितका चांगला, तितकी तिची पाळी लांब. त्यातून सामना एक डाव राखून जिंकला तर आपल्या संघाचे दुसरे आक्रमण होतच नाही. मधल्या पाटीवर बसायची संधीही गेली. बास्केटबॉलमध्ये निदान खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. तिथे चाळीस मिनिटे आणि पाच जागा, म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती वाटायला 200 मिनिटे असतात. ती त्याने वाटली नाहीत तर लोक त्याला जाब विचारतात. आपल्याकडे घड्याळच परस्पर निकाल लावते, म्हणून आपल्याला कुणी काही विचारत नाही. हीसुद्धा मोठीच सोय.

ज्येष्ठतेची व्याख्या आपण किती उदार केली आहे, याचीही नोंद घ्यायला हवी. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या नियमानुसार आंतरविद्यापीठ स्पर्धेत 17 ते 25 वयाच्या विद्यार्थ्यांना खेळता येते. त्यातला 25 हा आकडा आपल्या भिंतीवर फ्रेम करून लावण्याच्या लायकीचा. बी.ए. संपले की एम.ए. मराठी, ते संपले की एम.ए. इतिहास, मग बी.पी.एड. मराठवाड्यातल्या भाषा आणि इतिहास विभागांची पटसंख्या टिकवण्यात खोखोचा वाटा किती, यावर एखादा प्रबंध व्हायला हरकत नाही; तो लिहायलाही तुमच्या संघातलीच कुणीतरी नाव नोंदवील. नियमातल्या 17 या आकड्याकडे मात्र आपले लक्ष गेलेले दिसत नाही.

खोखो संघटनाही याबाबत जरा उतावळीच. तिने 14 वर्षांखालच्यांसाठी किशोर गट काढला, 18 खालच्यांसाठी कुमार गट काढला. राष्ट्रीय स्पर्धेत किशोरांतल्या सर्वोत्तम मुलाला भरत आणि मुलीला इला, कुमारांना वीर अभिमन्यू आणि मुलींना जानकी असे पुरस्कारही ठेवले. यातून होते काय, तर बारावीत कुमार गट गाजवून आलेली मुलगी जूनमध्ये आपल्या दारात उभी राहते आणि तिला वाटते, आता आपण खेळणार. तिचा हा गैरसमज आपण पहिल्याच आठवड्यात बाटल्या हाती देऊन दूर करता.

आता जिल्ह्याचा विषय. धाराशिवला आंतरराष्ट्रीय क्रीडानकाशावर नेले ते खोखोने, आणि त्यातही मुलींनी. सारिका काळे तेराव्या वर्षी मैदानावर आल्या. घरची परिस्थिती अशी की, कित्येक वर्षे एकवेळच्या जेवणावर काढली, हे त्यांनीच सांगितले आहे. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या आणि भारताने सुवर्ण जिंकले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खोखोच्या वाट्याला तब्बल 22 वर्षांनी. तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. तेराव्या वर्षी त्यांना ‘तुझा नंबर अजून दहा वर्षांनी’ असे सांगणारी समिती भेटली नाही, हे जिल्ह्याचे नशीब.

त्यांच्यामागून याच धाराशिवच्या अश्विनी शिंदे आल्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त स्टेडियममध्ये पहिला खोखो विश्वचषक झाला, त्यात जिंकलेल्या भारतीय महिला संघात त्या होत्या. अंतिम सामना नेपाळशी, 78-40. त्याआधी दक्षिण कोरियाला 175-18 असे हरवले होते. आपण त्या संघाचे प्रशिक्षक असता तर 174 गुण झाल्यावरही ‘सामना अजून हातात आलेला नाही, ज्येष्ठांना काढू नका’ असा निरोप आत गेला असता, याबद्दल खोखोप्रेमींच्या मनात तिळमात्र शंका नाही.

आपल्या धोरणाला परदेशातही भक्कम आधार आहे, तो आपल्या नजरेतून सुटलेला दिसतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला बास्केटबॉलच्या मुख्य संघात खेळायला चक्क नियमानेच बंदी होती. ती 1972 पर्यंत टिकली. 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा मुख्य संघ लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून बसला होता. त्या 27 नोव्हेंबरला नव्या क्रीडागृहात मुख्य संघ आणि प्रथम वर्षाचा संघ यांचा आपसांत सामना झाला. प्रथम वर्षाने 75-60 असा जिंकला. त्यांच्यातल्या ल्यू अल्सिंडर नावाच्या उंचाड्या पोराने एकट्याने 31 गुण केले. पुढे जग त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखू लागले. मग काय झाले? नियम तो नियम. अल्सिंडर वर्षभर प्रथम वर्षाच्या संघातच राहिला आणि विजेत्या मुख्य संघाला त्या मोसमात राष्ट्रीय स्पर्धेची पात्रताही गाठता आली नाही. द्वितीय वर्षाला गेल्यावर तो मुख्य संघात आला, आणि 1967, 1968, 1969 अशी सलग तीन विजेतेपदे आली. शिस्त महत्त्वाची की विजेतेपद, हा प्रश्न त्यांनी आपल्याच पद्धतीने सोडवला होता.

उलट बाजूचाही दाखला आहे, तो आपण जरूर वापरावा. मिशिगन विद्यापीठाने 1992 मध्ये प्रथम वर्षाची पाच पोरे एकदम सुरुवातीच्या संघात उतरवली. पोरे अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि मुरलेल्या ड्यूककडून 71-51 अशी सपाटून हरली. तेव्हा नुसत्या नव्यांच्या जोरावर सगळे जिंकता येते, असा या पत्राचा दावा नाही.

ज्येष्ठांचा हक्क खोटा आहे, असाही नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागतात ती ठरावीक पातळीवरच्या कामगिरीची प्रमाणपत्रे. भूम, परंड्याकडच्या एखाद्या अंतिम वर्षाच्या मुलीचे घर कोरडवाहू रानावर चालत असेल, लग्नाची बोलणी दारात येऊन ठेपली असतील, तर विद्यापीठ संघातली जागा ही तिच्यासाठी हौस नसते. ती जागा गेली की बहुधा खेळही जातो. तीन वर्षे पहाटे मैदानावर येणाऱ्या मुलीला ‘आता नव्यांना संधी’ असे म्हणून बाजूला सारणे हा निव्वळ अन्याय झाला. आपण ज्येष्ठांच्या बाजूने उभे राहता, यात गैर काहीच नाही. गैर एवढेच की, सगळेच सामने अंतिम सामना असल्यासारखे आपण चिठ्ठ्या लिहिता. पहिल्या फेरीत जेमतेम बारा मुली गोळा करून आलेल्या संघाविरुद्धही पहिली तुकडी तीच. त्या सामन्यातली पाच मिनिटे अंतिम वर्षाच्या मुलीच्या प्रमाणपत्रात कणभर भर घालत नाहीत. प्रथम वर्षाच्या मुलीला मात्र तीच पाच मिनिटे खांबाभोवती पळायला, धाप लागल्यावर कसे थांबायचे ते कळायला आणि पंचांच्या शिटीची सवय व्हायला पुरतात.

तुकडी तिघींची असते, ही खोखोची खुबी आपण अजून वापरलेलीच नाही. दोन ज्येष्ठ आणि एक नवी अशी तुकडी केली तर नवीला आतूनच आवाज मिळतो. आक्रमक कुणाच्या मागे लागली आहे, कुठल्या बाजूला रान मोकळे आहे, कधी साखळी पळायची, कधी गोल, हे बाहेरून ओरडून शिकवता येत नाही. शिवाय ज्येष्ठ मुलीच्या घोट्याला लागले आणि अंतिम सामन्याला ती उतरू शकली नाही, तर त्या दिवशी आपण कुणाला उतरवणार? बाटल्या भरणाऱ्या मुलीलाच. तोवर तिने मोसमभर एक सेकंदही संरक्षण केलेले नसेल, आणि हरल्यावर ‘नवी मुले दडपणाखाली कोसळतात’ हे आपले वाक्य तयार असेल.

आपला बहुमोल वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. अंतिम सामन्याची नावे आपण खुशाल अनुभव बघून ठरवा, त्याला कुणाचीच हरकत नाही. बाटल्या मात्र बाराही जणींनी पाळीपाळीने भराव्यात. आणि येत्या स्पर्धेत पहिल्या फेरीची चिठ्ठी गुणलेखकाच्या हाती देण्यापूर्वी, वरच्या तीन नावांत एक नाव प्रथम वर्षाचे लिहावे, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक खोखोप्रेमी