अनुभवी हेल्मेट

नागपूरच्या कळमना बाजारात एका अडतीवर मी हिशेब लिहितो. साखर वाढली तशी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. सायकल आली, मागोमाग हेल्मेट आलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

पहिल्याच पावसाळ्यात आलू-कांदा बाजारात ओल्या सालींवरून घसरलो आणि डोकं थेट ओट्याच्या कडेवर! पण टेंगूळसुद्धा आलं नाही. तेव्हापासून हेल्मेटचा भाव वधारला. एकदा जीव वाचवलेलं हेल्मेट सोडून कालच्या कोऱ्या पोरावर डोकं कोण सोपवेल?

ते टांगायचं गच्चीवरच्या खिळ्याला. नागपूर म्हणजे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेलेलं गाव! पट्टा वाळून कुरडईसारखा झाला. गेल्या दिवाळीत तर मी ते पेट्रोलनं पुसून चकचकीत केलं.

"अहो, ते टोपलं फेका आता," बायको म्हणायची.

"चालते ना अजून!"

आमच्याकडे मोडलं नाही ते 'चालते' आणि मोडलं ते 'जमते'.

परवा संत्रा बाजारात चहा घेताना एका हमालानं हेल्मेट उलटं केलं आणि संत्रं पारखावं तसा आत अंगठा दाबला.

"काकाजी, हे तं बसलं ना! पडले होते काय कधी?"

आतल्या थर्माकोलला केसाएवढी चीर होती. त्यानं संत्र्याच्या पेटीकडे बोट केलं. "पेटी आदळली का तणस दबते, म्हणून फळ वाचते. मंग तेच दबलेलं तणस पुढच्या खेपेले चालते काय?"

मी गप्प. थर्माकोल म्हणजे हवेचे बुडबुडे; मार खाताना ते चिरडतात, पुन्हा फुगत नाहीत. एका पडण्यात हेल्मेटची नोकरी संपते. मी त्याला पेन्शन द्यायची ती बढती दिली होती. न पडताही पाच ते दहा वर्षांत बदला, असं अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. पेट्रोलनं तर थर्माकोल विरघळतं. म्हणजे दिवाळीत मी त्याला अभ्यंगस्नान नाही, विष घातलं होतं.

नवं आणलं. जुनं दुसऱ्या कोणी घालू नये म्हणून त्याचा पट्टा कापला.

"आता तरी फेकता ना?"

"फेकायचं कशाले? कांदे ठेवायले चालते."

ज्या कांद्यानं मला पाडलं, तो आता स्वयंपाकघरात हेल्मेटमध्ये सुरक्षित बसला आहे.