पोचा पडलेली वंशावळ

आमच्या घरात वडिलांकडच्या चार पिढ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सुखानं राहतात. ओबीसीच्या जात पडताळणीला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो वडिलांकडचाच लागतो. त्यामुळे पणजोबांची कोतवाल बुकातली नक्कल, त्यांच्या धाकट्या भावाचा शाळेचा दाखला, सगळं लॅमिनेट केलेलं. पणजोबांना हयातीत कुणी विचारलं नसेल इतका मान आता त्यांच्या झेरॉक्सला आहे. आईकडे मात्र आजीच्या वर पाटी कोरी.

हे ध्यानात यायला बहिणीचं बाळ निमित्त झालं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील आणि मग आडनाव असा क्रम सुरू झाला. आपलं नाव बघून बहीण हरखली. मी लगेच मोठेपणाचा आव आणला, "नुसत्या आईनं काय होतं? तिची आई, तिच्या आईची आई, असं वर जायला पाहिजे."

"जा मग," बहीण म्हणाली. "पणजीचं नाव काय?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आम्ही तिला बुढीमाय म्हणत होतो." आमचं वर जाणं तिथंच आटोपलं.

ज्या कामाला एक फोन पुरतो, त्याला मी संशोधन म्हणतो. हा माझा जुना स्वभाव. आष्टीला आजीची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावसआजी, नव्वदीच्या घरात असूनही खणखणीत होती. तिला विचारायचं सोडून मी नळीत थुंकलो आणि ती नळी डीएनए तपासणीला पाठवली. कारण मी वाचलं होतं की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. सगळी मिळून 16,569 अक्षरं. हे म्हणजे पेशीतलं आंदणच. आई सगळ्या लेकरांना देते, पण पुढे चालवते ती लेक. मुलगा ते घेऊन नुसता बसून राहतो. म्हणजे ज्या आईकडच्या वंशाचा शोध घ्यायला मी कंबर कसली होती, तो माझ्यापाशी येऊन खुंटलेला होता. बहिणीनं हे वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

निकाल आला तो 'एम' गटाचा. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा गट तोच. पैसे भरून मला एवढं कळलं की मी भारतीय आहे. 1987 साली कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन या तिघांनी आज हयात असलेल्या सगळ्या माणसांच्या आयांची साखळी सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपर्यंत नेऊन भिडवली होती. तिचा पत्ता लागला. आष्टीच्या बाईचा लागेना.

मग जुनी कोतवाल बुकं चाळली. कोतवालानं जन्ममृत्यूच्या नोंदी इमानदारीनं केलेल्या. अमक्यास मुलगा झाला, तमक्यास मुलगी झाली. बाळंत झालेली बाई नोंदीत नाही आणि मुलीलाही नाव नाही. त्या बुकांवर विश्वास ठेवला तर आमच्या भागात पुरुषच बाळंत होत होते.

तरी मी स्वतःची समजूत घातली. आमच्या वर्धा नदीच्याच काठी, आर्वीच्या पलीकडे, कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. भागवतात तिच्या पाचही भावांची नावं ओळीनं दिलेली आहेत: रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली. त्या ओळीत आई नाही. राजाघरची ही तऱ्हा, तर आपण कोण? पण नदीपलीकडेच रिद्धपूर आहे, आणि तिथं मिळालेल्या पाचव्या शतकातल्या ताम्रपटात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता सासरची वंशावळ बाजूला ठेवून माहेरची सांगते, शिवाय आपली आई नागकुळातली कुबेरनागा हेही ठणकावून नोंदवते. हे वाचल्यावर माझ्या अंगात भरलं. आपल्याकडेही कुठंतरी तांब्यापितळेवर काहीतरी कोरलेलं असणार!

आणि ते मामाच्या घरी माळ्यावर निघालं. पितळी गुंड, आजीच्या आंदणातला. राखेनं आणि चिंचेनं घासून घासून अक्षरं पार झिजलेली. बोट फिरवलं तर सुरुवातीला 'सौ.' लागत होतं, मधला मजकूर गायब, मग 'बाई', मग 'आष्टी' आणि शेवटी 'सन 1942'.

आष्टीत 1942 हा आकडा दिसला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. गावकरी मोर्चा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. तेव्हापासून गाव आष्टी शहीद. आता माझा कयास बघा. गुंड 42 चा. गुंडात पाणी असतं. मोर्चाला तहान लागते. सबब मोर्चाला पाणी पाजलं ते माझ्या पणजीनं! पुरावा म्हणाल तर गुंड समोर होता.

अविधवा नवमीला मामाच्या अंगणात कार्यक्रम ठेवला. सगळे मावसमामेभाऊ बोलावले. फ्लेक्स छापला. त्यावर पणजीचा फोटो नव्हता म्हणून गुंडाचा टाकला आणि खाली 'वीरमाता'. गुंडाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि माईक हातात घेतला. गौतमीपुत्र सातकर्णीपासून सुरुवात करून मी 1942 पर्यंत आलो असेन नसेन, तोच खुर्चीतून आवाज आला.

"त्या म्हशीच्या गुंडाले हार कायले घातला बे?"

मावसआजी उठून आली. तिनं गुंड वाकडा करून बघितला. "हा तं आमचा नोहेच."

मग सगळ्यांदेखत खरं बाहेर आलं. जुन्या काळी पंगतीला गावभरची भांडी गोळा होत. भांड्यावर नाव कोरायचं ते यासाठीच, पणजीच्या गौरवासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी शाळेत जाणारं एखादं पोरगं बसवून, अक्षरं वाचून ज्याची त्याला परत करायची. मावसआजीच्या थोरल्या भावाच्या लग्नात ते पोरगं पेंगलं आणि बुढीमायचा गुंड दुसऱ्याकडे गेला. हा कुणाचा तरी आमच्याकडे आला.

"बुढी मरेस्तोवर या गुंडाले शिव्या देत होती. यातलं पानी तोंडाले नाही लावलं तिनं. म्हशीपुढं ठेवला होता."

"पण आजीच्या आंदणात..." मी चाचरलो.

"घरातून जावा म्हनून देल्ला! अन् आज नवमी कायले केली? ती का सवाष्ण गेली? बुढा तं तिच्या कितीतरी आधी गेला."

मामानं हळूच माईक बंद केला. फ्लेक्स मात्र वाऱ्यानं फडफडत राहिला, वीरमाता वीरमाता करत.

जेवणं झाल्यावर मी मावसआजीच्या पायाशी बसलो आणि पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न विचारला.

"नाव?" ती म्हणाली. "माहेरचं पाहिजे का सासूनं ठेवलेलं? दोन्ही सांगतो. पन पहिले तिचा गुंड आन. मरताना तेच बोलली होती. कानापाशी पोचा हाये, विहिरीवर मीच पाडला. लय मार खाल्ला होता."

तेव्हापासून मी आष्टीत घरोघरी गुंड बघत हिंडतोय. पोचा नसलेला गुंड गावात शिल्लक नाही. पुष्कळ घरांनी पितळ मोडीत घालून स्टील घेतलंय. मी गल्लीत शिरलो की बाया भांडी आत घेतात, एकीनं तर मोटारसायकलवरचा भांडीवाला समजून मला जुन्या कढईचा भाव विचारला. लाज वाटते, पण पणजीबद्दल आता मला खरोखरच काहीतरी माहीत आहे: तिला काय हवं होतं ते. फ्लेक्स नक्कीच नको होता.

परवा एका ओसरीत सापडला. कानापाशी पोचा, खाली अक्षरं, बरीचशी शाबूत. मी वाकलो तेवढ्यात घरच्या काकूंनी अक्षरांवर तळहात ठेवला.

"तुमचा म्हनता ना? मंग नाव सांगा अन् घेऊन जा. आमच्या सासूबाई सांगून गेल्या, नाव सांगल तिलेच देजो."

मी तिथूनच मावसआजीला फोन लावला, सगळी हकीकत सांगितली, काकुळतीला आलो. नाव तेवढं सांग, गुंड दहा मिनिटांत तुझ्या दारात.

"मोठ्यांचं नाव असं फोनवर घेत नसतात," ती म्हणाली. "तिले म्हनाव, हात काढ."