गॅलरीतली गटारी

कळलं का तुम्हाला? मुंबईच्या नायगावात म्हणे आता कोंबड्या पाळतात. अंड्यांच्या हौसेने एखादी तलंग डालग्याखाली झाकून ठेवलीय, असलं काही नाही हो. खाण्यासाठी! घरातच वाढवायची, घरातच कापायची आणि वर चारचौघांत सांगायचं, ‘आमच्याकडे बाहेरचं चिकन बंद आहे.’ पूर्वी ज्या आवाजात लोक ‘आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही’ म्हणायचे, तोच आवाज, तीच मान किंचित वर.

सुरुवात कुणी केली यावर भोईवाड्यापासून पोलीस वसाहतीच्या जिन्यापर्यंत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, कोकणातून आलेल्या एका सासूबाईंचं हे काम. दुसरा म्हणतो, मोबाइलवर व्हिडिओ बघून पेटलेल्या एका जावईबापूंचं. मी जावयाच्या बाजूची. कारण सासूबाई असत्या तर त्यांनी गावठी आणली असती. या मंडळींनी आणली बॉयलर! तीच पांढरी, जाडी, दुकानातल्या पिंजऱ्यात बसलेली. दुकानातलं नको म्हणून दुकानातलीच जात घरी आणायची आणि तिला ‘घरची’ म्हणायचं, ही अक्कल जावयाचीच.

आणि मुहूर्त कुठला, तर वटपौर्णिमा. हसू नका, हिशेब चोख आहे. बॉयलर तयार व्हायला साधारण बेचाळीस दिवस लागतात. २०२५ साली वटपौर्णिमा होती १० जूनला आणि आषाढी अमावस्या, म्हणजे आपली गटारी, २४ जुलैला. मोजा, चव्वेचाळीस भरतात. वरचे दोन दिवस वाटणाला आणि पाहुण्यांना फोन करायला. वडाला सूत गुंडाळून सुना घरी आल्या, तर दाराशी बुटाच्या खोक्यात एका दिवसाची सात पिल्लं चिवचिवत होती. नवरा सात जन्मांचा, पिल्लं सहा आठवड्यांची. मध्ये आषाढी एकादशी आली तेव्हा अख्खं घर साबुदाण्यावर आणि पिल्लं मात्र मका-सोयाबीनच्या खाद्यावर आडवा हात मारतायत, असं दृश्य होतं म्हणे. विठ्ठलाने काय पाहिलं असेल ते असो.

बरं, हे सगळं कशासाठी? तर ‘बाहेरच्या कोंबडीला इंजेक्शन देऊन फुगवतात.’ हे वाक्य नायगावात दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळतं. खरी गोष्ट वेगळी आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला पकडून हार्मोनची सुई टोचत बसणं कुणालाच परवडणारं नाही, आणि त्याची गरजही नाही. कित्येक दशकं निवड करकरून ती जातच भराभर वाढणारी केलेली आहे. वर मका-सोयाबीनचं खाद्य. काळजीच करायची तर प्रतिजैविकांची करा, ती रास्त आहे. पण तुमच्या गॅलरीतली बॉयलर दोन किलोची झाली त्यात तुमच्या लाडाचा, संस्कारांचा आणि लावलेल्या अभंगांचा वाटा शून्य. ती तशीही झालीच असती. गॅलरीत तिला ‘मोकळं फिरायला’ सोडतात म्हणे. फिरते कुठली! पाचव्या आठवड्यात तिला स्वतःचंच वजन पेलत नाही. खाद्याच्या भांड्यापाशी बैठक मारते ती मारतेच.

आता जागेचं बघा, कारण नायगावात शेवटी सगळं जागेवर येतं. पोल्ट्रीच्या पुस्तकात एका बॉयलरला एक चौरस फूट जागा सांगितलेली असते. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या आपल्या बीडीडी चाळी नायगावात बेचाळीस होत्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे पुस्तकाप्रमाणे एका खोलीत १६० कोंबड्या अगदी ऐसपैस. त्याच खोलीत दहा-दहा माणसं राहिली, पोरं शिकली, बाळंतपणं झाली, गावचे पाहुणे गॅलरीत झोपले. माणशी किती फूट हवेत याचं पुस्तक कुणी काढलं नाही. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर म्हटल्यावर लोकांना पहिलं काय सुचलं? खुराडं!

जागा झाली, मग ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायची. म्हणून पिल्लांवर दिवसरात्र पिवळा बल्ब. समोरच्या इमारतीतल्यांना वाटलं, यांच्याकडे महिनाभर सत्यनारायण चाललाय. खाली अंथरायला भाताचं तूस हवं. ते नायगावात कुठून मिळणार? सुताराकडचा भुसा आणला. वर जून-जुलैची हवा; पापड जिथे सादळतात तिथे भुसा काय कोरडा राहणार? ओल्या भुशातून अमोनिया उठला आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे डोळे कांदा न चिरता वाहू लागले. त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरींनी मुंबई महापालिकेचा १८८८चा कायदा काढला. घरात जनावर पाळूच नका असं तो कायदा सरसकट म्हणत नाही, दुसऱ्याला उपद्रव होईल असं पाळू नका म्हणतो. मग उपद्रव म्हणजे नेमकं काय, यावर जी सभा झाली, तिला पुनर्विकासाच्या सभेपेक्षा जास्त हजेरी होती.

आवाजाचा उपद्रव मात्र बॉयलर देत नाही, हे कबूल करायला हवं. बिचारी आरवायचं वय होण्याआधीच ताटात येते. पण एका घराने ‘आम्ही बाई अस्सल गावठी’ म्हणत कोंबडा आणला. गावठी चार-पाच महिने वाढवावा लागतो, आणि तेवढ्यात त्याला कंठ फुटतो. नायगावात पोलिसांचं मोठं मैदान, तिथे कवायती चालतात. अख्खी वस्ती शिस्तीने उठणारी. तरी पहाटे साडेतीनला उठायची शिस्त अजून खात्यानेसुद्धा लावलेली नाही. तो कोंबडा पुढे गावी ‘बदलून’ गेला, असं घरचे सांगतात. त्या रविवारी जिन्यात वड्यांचा वास होता, एवढंच मी सांगते.

लसीकरणाचा किस्सा तर परळपर्यंत गेला. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात राणीखेतची, आपल्याकडे जिला मानमोडी म्हणतात तिची, लस डोळ्यात थेंब टाकून द्यायची असते. दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची. लसीची कुपी मिळते शंभर-शंभर, हजार-हजार पिल्लांची, आणि फोडली की दोन-तीन तासांत संपवायची. घरी पिल्लं सात! उरलेली लस कुणाच्या डोळ्यात घालणार? म्हणून एक गृहस्थ खोकं काखोटीला मारून थेट परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात निघाले. दिनशा पेटिट यांनी १८८३ मध्ये पत्नी साकरबाईंच्या नावाने काढलेलं ते रुग्णालय. ओझ्याने पिचलेले बैल आणि टांग्याचे घोडे तिथे आणले जात. १८८६ पासून शेजारी पशुवैद्यक महाविद्यालय. इतक्या वर्षांच्या परंपरेत ‘हिला लस द्या, गटारीला आम्हाला खायचीय’ असं म्हणत आलेला नातेवाईक विरळाच असेल.

असलं वेड फक्त आपल्यालाच लागतं असं मात्र समजू नका. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चीनहून आलेल्या भरदार कोंबड्यांनी इंग्लंड-अमेरिकेला असं झपाटलं की त्या साथीला ‘हेन फीव्हर’ नाव पडलं; बर्नहॅम नावाच्या अमेरिकन माणसाने १८५५ मध्ये तिचा इतिहासच लिहून काढला. त्याने स्वतः त्या कोंबड्या विकून भरपूर कमावलं होतं, मग पुस्तकातून गिऱ्हाइकांची टिंगलही केली. आणि खाण्यासाठी पिल्लं वाढवायचा आजचा अवाढव्य धंदाही एका घरातूनच निघाला. डेलावेअरच्या सेसिल स्टील या बाईंनी १९२३ मध्ये अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली, चुकून पाचशे आली. बाईंनी परत पाठवली नाहीत. वाढवली, विकली, आणि तीन वर्षांत दहा हजारांची शेड उभी केली. नायगावात पाचशे पिल्लं चुकून आली असती तर पाच कमिट्या निघाल्या असत्या.

आपल्या महाराष्ट्राने तर याहून वरचा नंबर लावलाय. कडकनाथ आठवतोय? झाबुआकडचा काळा कोंबडा. पिसं काळी, कातडी काळी, मांससुद्धा काळं. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि लोकांच्या डोळ्यांपुढे काळ्या कोंबड्या नि पांढरे पैसे नाचू लागले. इस्लामपूरच्या एका कंपनीने पिल्लं द्यायची, शेतकऱ्याने वाढवायची, कंपनीने चढ्या भावाने परत घ्यायची, अशी योजना निघाली. २०१९ मध्ये ती कोसळली, गुन्हे दाखल झाले, हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्याच वर्षी सप्टेंबरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यापुढे आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या फेकल्या. इथे मात्र माझं हसू थांबतं. गॅलरीतल्या हौसेत दोन-चार हजार जातात. तिथे लोकांनी कर्ज काढून शेड बांधल्या होत्या.

असो. नायगावात परत या, कारण खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. बेचाळीस दिवस भरत आले. आता कापणार कोण?

हे काम व्हिडिओत तीन मिनिटांत उरकतं. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, फक्त पाणी. कारण आतडी भरलेली राहिली आणि फुटली तर सगळं मांस घाण होतं. मग धारदार सुरीने मानेच्या शिरा एका घावात उतरवायच्या आणि दीड-दोन मिनिटं रक्त निथळू द्यायचं. मग साठेक अंश तापलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवायची. पाणी कमी तापलं तर पिसं हलत नाहीत, जास्त तापलं तर पिसांबरोबर कातडीही हातात येते. शेवटी पोट उघडून आतडी काढताना कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी अलगद सोडवायची. ती फुटली की गटारी कडू. एवढं झाल्यावर एकतर लगेच शिजवायची, नाहीतर रात्रभर फ्रिजात ठेवायची, कारण मधल्या तासांत मांस ताठरतं आणि कितीही शिट्ट्या काढा, चावताना रबर लागतं. गावाकडच्या आज्या हे सगळं गप्पा मारत करत. वर हळद चोळून जाळावर भाजून लव काढत, ते वेगळंच.

इथे मात्र घराघरांत एकाएकी धर्म जागा झाला. ज्या हवालदारकाकांनी तीस वर्षं लाठी हातात धरली, ते म्हणाले, ‘आज माझा गुरुवार.’ गटारी खरोखरच गुरुवारी आली होती, म्हणून लोकांनी ती आधीच्या रविवारीच ठरवलेली. तरी काकांचा गुरुवार रविवारी निघाला. जावईबापूंचा सोमवार, त्यांच्या भावाचा मंगळवार, आणि ज्याला कुठलाच वार नव्हता त्याची पाठ धरली. सासूबाई स्पष्ट बोलल्या, ‘मी कापीन, पण गावी. इथल्या टाइल्सवर नाही.’ पोरं रडतील म्हणून त्यांना मामाकडे पाठवलं होतं. पोरं काही रडली नाहीत, त्यांनी फोनवर फक्त लेगपीस किती राखून ठेवलेत ते विचारलं. डोळे पुसत होते ते जावईबापू. रोज सकाळी पिल्लांना बॅगा तोलायच्या काट्यावर धरून वजन लिहिणारा माणूस तो. जीव लागतोच हो.

शेवटी रविवारी सकाळी, ‘बाहेरचं चिकन बंद’ असलेली ही घरं पिशव्यांमधून फडफडणाऱ्या कोंबड्या घेऊन कुठे गेली असतील? कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे! रांगेत. एकमेकांकडे न बघता. त्याने कोंबडीमागे कापायचे पैसे घेतले, आपल्या सवयीने पिसांसकट कातडी सोलून दिली, आणि वर विचारलं, ‘कलेजी-पेटा ठेवू की टाकू?’ दोन किलोच्या जिवंत कोंबडीचं हातात आलं सुमारे चौदाशे ग्रॅम. जावईबापू म्हणे काट्याशी भांडत होते.

खर्चाचं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, पण अर्धवट. दोन किलोची बॉयलर व्हायला सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य लागतं. सात पिल्लांना पंचवीस किलो पुरे, पोतं येतं पन्नासचं. उरलेल्याला पावसाळ्यात बुरशी धरली आणि नायगावातल्या घुशींची वटपौर्णिमा ते गटारी फुकटात झाली. त्यात पिल्लं, बल्ब, वीज, लस, भुसा, मेलेलं एक पिल्लू आणि खालच्या वहिनींना समजूत म्हणून पाठवलेला रश्शाचा डबा धरा. दुकानातली कोंबडी यापेक्षा स्वस्त पडते, याबद्दल चर्चाच नको. चव? डबा चाखलेल्या वहिनी सांगतात, ‘बॉयलर ती बॉयलरच. पण वाटण छान होतं.’

तेव्हा पुढच्या वटपौर्णिमेला पिल्लं आणायचा बेत असेल, तर बल्ब आणि भुसा नंतर बघा. आधी घरात सगळ्यांना समोर बसवून विचारा, सुरी कोण धरणार, आणि त्याचा वार कुठला. उत्तर आलं नाही, तर सरळ अंडी आणा.