खोली नंबर एक हजार

लिनक्समधल्या फाइलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, फक्त नंबर असतो. उबुंटू किंवा डेबियन बसवल्यावर पहिल्या वापरकर्त्याला बहुधा १००० हा नंबर मिळतो. पडद्यावर दिसते ते नाव त्या संगणकाने स्वतःच्या यादीत तो नंबर शोधून लावलेले असते. यादी बदलली की मालक बदलला. गिरगावातली १२ नंबरची खोली आणि परळमधली १२ नंबरची खोली यांचा एकमेकींशी संबंध नसतो, पण भाडेपावतीवर चाळीचे नावच नसेल तर गिरगावचा भाडेकरू परळला जाऊन बिनदिक्कत गादी पसरील. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीची डिस्क एका संगणकातून काढून दुसऱ्याला जोडली की नेमके हेच घडते. लालबागच्या एखाद्या मंडळाच्या खजिनदाराने जमाखर्चाच्या फाइलींना ६००चा परवाना देऊन त्या फक्त स्वतःपुरत्या ठेवलेल्या असतात. स्मरणिका छापण्यासाठी छापखान्यात डिस्क लागताच त्या तिथल्या १००० नंबरच्या, म्हणजे बहुधा डीटीपी ऑपरेटरच्या, मालकीच्या होतात. वर्गणी कोणी बुडवली हे आता त्याला कळते, खजिनदाराला मात्र याचा पत्ताही नसतो.

पेन ड्राइव्हची तऱ्हा निराळी. फॅट३२ आणि एक्सफॅट या पद्धतींत मालकाचा रकानाच नाही. लिनक्सला तर बेवारस फाइल खपत नाही. म्हणून माउंट करतानाच, म्हणजे ड्राइव्ह जोडून घेतानाच, साऱ्या फाइलींना एक मालक आणि सरसकट एक परवाना चिकटवला जातो. रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याने, हाताने माउंट केले आणि दुसरे काही सांगितले नाही, तर मालक रूट. मग स्मरणिकेचे शेवटचे प्रूफ तपासून झाल्यावर, विसर्जनाच्या आदल्या रात्री, साठवण्याची परवानगी नाकारली जाते. ‘चाऊन’ आज्ञेने मालक बदलू म्हटले तर साफ नकार मिळतो. ‘सीएचमॉड’ त्याहून मुरलेले: पुष्कळदा ते मुकाट्याने ऐकून घेते आणि काहीच करत नाही. सरकारी कचेरीची सवय असलेल्याला यात नवल वाटू नये.

उपाय माउंट करतानाच करायचा असतो. यूआयडी (वापरकर्त्याचा नंबर) आणि जीआयडी (गटाचा नंबर) यांना १००० द्यावे, फाइलींसाठी एफमास्क ०१३३ आणि फोल्डरांसाठी डीमास्क ००२२ ठेवावा. मास्कचा हिशेब उलटा चालतो, त्यात काय द्यायचे ते नव्हे, काय काढून घ्यायचे ते लिहितात. त्यामुळे फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ उरते. दोन्हींना एकच यूमास्क ०२२ लावला तर बाप्पाचे फोटोही ‘चालवण्याजोगे प्रोग्राम’ ठरतात. फोल्डरात शिरायलाही तोच चालवण्याचा परवाना लागतो, म्हणून तिथून तो काढता येत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) आणलेली डिस्क विंडोजवर एनटीएफएसने फॉरमॅट केली, तर पावतीवर चाळीचे नावही येते. तिथल्या एसआयडी नावाच्या लांबलचक ओळखीत संगणकाची खूणही असते. ‘एनटीएफएस-३जी’ वापरताना कोणता एसआयडी म्हणजे इथला कोणता नंबर, हे ‘यूजरमॅपिंग’ फाइलीत लिहून ठेवता येते. तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही, आणि मग सगळ्यांना सगळे खुले राहते.

नेटवर्कवरच्या एनएफएसमध्ये परका रूट आला की सर्व्हर त्याला, वेगळे सांगितले नसेल तर, ‘नोबडी’ करून टाकतो. आपल्या चाळीचा मालक दुसऱ्याच्या चाळीत कोणीच नसतो, हे संगणकाला बऱ्याच मालकांआधी उमगले.

ईएक्सटी४वरचा नंबरांचा घोळ २०२१च्या लिनक्स ५.१२ने सोडवण्याजोगा केला. डिस्कवरचे काही न बदलता, त्या माउंटपुरता एक नंबर दुसरा म्हणून दाखवता येतो.

हे सारे परवाने सभ्य माणसांसाठी आहेत. ज्याच्या हाती डिस्क आणि स्वतःच्या संगणकाचा रूट आहे, त्याला त्यांतला एकही अडवत नाही. जमाखर्च खरोखर झाकायचा असेल तर खजिनदाराने डिस्क छापखान्यात देण्याआधी त्या फाइली एन्क्रिप्ट कराव्यात, किंवा स्मरणिकेसाठी दुसरा पेन ड्राइव्ह विकत घ्यावा.