मुंगळ्यांची पाणीपुरवठा योजना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्यांना अडवलं, त्याच घरात आता मुंग्यांना पाणी पोचवायचं आहे. आजीला आधी विश्वासात घ्या.

साहित्य: टेस्ट ट्यूब, पाणी, कापूस. या यंत्रणेत बिघडण्यासारखा भाग एकच, मालक.

नळीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरा, कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सरकवा, कोरड्या भागात राणी सोडा आणि तोंडाशी दुसरा बोळा लावा. देवघरातला कापूस नको. वातींच्या कापसावर मूळचं मेण असतं, तो पाणी ओढत नाही. औषधांच्या दुकानातला घ्या. बोळा सैल बसला तर राणीच्या खोलीत पूर, ठासून बसवला तर दुष्काळ. बरोबर बसला असेल तर तो ओलसर दिसतो, पण नळी आडवी केली तरी थेंब सुटत नाही.

राणी मिळते पहिल्या पावसांनंतर. मात्र दिव्याभोवती येणारं पंखवालं सगळंच मुंगी नसतं. कंबर दिसत नसेल आणि चारही पंख एका मापाचे असतील, तर ती वाळवी. तिला पाणी पाजून वाढवल्यास दाराच्या चौकटींची जबाबदारी आमच्याकडे नाही.

आता देखभाल. नळी अंधारात ठेवा आणि हात लावू नका. मुंगळ्यांची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. पंख गळल्यावर निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू अंगातच जिरवते आणि त्यावर पिल्लं पोसते. पोटाची सोय तिची तिने केली, पाण्याची तुम्ही केलीत. विषय संपला. पण नवशिक्याला चैन कुठली! तो तासातासाला नळी मुठीत धरून उजेडाकडे नेतो. पाण्यामागे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. तळहाताच्या उबेने तो फुगतो, पाण्याला पुढे रेटतो आणि बोळ्यातून झिरपलेलं पाणी थेट अंड्यांच्या ढिगात शिरतं. राणी तोंडात अंडी धरून कोरडी जागा शोधत फिरते, आणि मालक म्हणतो, "वा, किती चपळ आहे!"

बोळा पिवळट पडला, बदलू का? नाही. कडेला काळा ठिपका आला? तरी नाही. पाणी हिरवं झालं? म्हणजे नळी उजेडात होती. शेवाळ आहे, आत ठेवा. आतला बोळा उपसलात तर पाणी राणीच्या डोक्यावर येईल.

पाणी खरंच संपत आलं, किंवा बुरशी अंड्यांपर्यंत पोचली, तर नवी नळी भरून जुनीच्या तोंडाला तोंड लावून चिकटवा. नवीवर काळा कागद गुंडाळा, जुनीवर उजेड पाडा. मुंग्या आपणहून स्थलांतर करतील. करतीलच असं नाही. चाळीच्या पुनर्विकासासारखं आहे: नवी जागा मोठी, ओलीचा प्रश्न मिटलेला, तरी रहिवासी जुन्यातच बसून राहतात. नळी हलवून त्यांना बाहेर झटकू नका.

हौस वाढली की प्लास्टरचं घर येतं. शार्ल जाने या फ्रेंच इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी घरं केली: एका टोकाला पाण्याचा खड्डा, तिथून दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाणारी ओल. कोणती अंडी-पिल्लं कुठे ठेवायची ते मुंग्या ठरवतात. तुम्ही फक्त खड्डा भरायचा. सगळं घर भिजवायचं नाही.

घराला जोडलेल्या डब्यात, म्हणजे मुंग्यांच्या बाहेरच्या आवारात, उलट्या बाटलीचं पाणपात्र ठेवतात. मुंग्या त्यात माती, काड्या आणि आपले मृत नातेवाईक आणून टाकतात. पात्र गरम पाण्याने आणि ब्रशने धुवा. साबण नको: त्याने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, आणि एरवी थेंबाच्या काठावर उभी राहून पिणारी मुंगी भिजून बुडते.

दिवाळीत गावी जाताना पाणपात्र भरा, डबा कपाटात ठेवा आणि किल्ली घेणाऱ्या शेजारच्या काकूंना बजावून सांगा की काहीही करायचं नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "या मुंग्या आमच्याच आहेत. फवारा मारू नये."